ग्रीक नाटकातलं वेड: तालमीला बसण्याआधी आणि बसल्यावर

ग्रीक शोकांतिकेतला वेडाचा प्रवेश बसवायला घेतला की नटाला सगळ्यात आधी आवाज सुचतो. किंकाळी, खदाखदा हसणं, मग विस्कटलेले केस आणि फाटका सदरा. पहिल्या तालमीतच हे सगळं बंद करा. त्यानं मूळ नाटकाची रचनाच मोडते, आणि ती रचना एकदा कळली की अर्धा प्रवेश आपोआप बसतो.

इ.स.पू. ५व्या शतकात अथेन्समध्ये ही नाटकं डायोनायसस देवाच्या उत्सवात, उघड्यावर, हजारो प्रेक्षकांपुढे व्हायची. बोलणारे नट तीन, सगळे पुरुष, प्रत्येकाच्या तोंडावर मुखवटा. मुखवट्याची बुबुळं फिरत नाहीत, त्याच्या ओठांना फेस येत नाही. तरीही युरिपिडीसच्या ‘हेराक्लीस’मध्ये डोळे गरगर फिरतात, त्यांत रक्त उतरतं, दाढीवरून फेस ओघळतो. हे सगळं शब्दांत घडतं, आणि ते शब्द त्याच्याकडे पाहणाऱ्याचे असतात. म्हणून भूमिका वाटताना सगळ्यात ताकदीचा नट हेराक्लीसला देऊन मोकळे होऊ नका. तेवढाच दमदार नट आत घडलेलं बाहेर येऊन सांगणाऱ्या दूताला लागतो. ‘बाखाय’ करत असाल तर भान सुटून पोटच्या मुलाला मारणाऱ्या आगावेइतकीच मेहनत तिच्या बापावर, कॅडमसवर घ्यावी लागते.

आधी शब्द ठरवा

‘वेड’ हा मराठीत फार पसरट शब्द आहे. क्रिकेटचंही वेड असतं आणि गाण्याचंही. ग्रीकांकडे यासाठी वेगवेगळे शब्द होते, आणि सुदैवाने मराठीतही आहेत. ‘लिस्सा’ म्हणजे पिसाळणं. कुत्रा पिसाळतो त्या रोगालाही ग्रीक हाच शब्द वापरत, आणि रेबीजच्या विषाणूगटाच्या ‘लिस्साव्हायरस’ या नावात तो आजही आहे. तेव्हा संहितेत हेराक्लीस ‘वेडा झाला’ असेल, तर तिथे ‘पिसाळला’ करून पाहा. वाक्याचा पोत लगेच बदलतो. ‘ओइस्त्रोस’ म्हणजे गोमाशी. ‘प्रॉमिथ्यूस’ नाटकातल्या शिंगं फुटलेल्या इओच्या मागे ही गोमाशी लागते आणि ती देशोदेशी पळत सुटते. गोमाशी डसल्यावर जनावर कसं उधळतं हे मंगळवेढ्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही, म्हणून इओसाठी ‘उधळणं’ हेच क्रियापद ठेवा. ‘मानिया’ला ‘भान सुटणं’ पुष्कळ ठिकाणी चालतं.

या शब्दांमागची समजूत नटांना सांगून ठेवा. यातलं बहुतेक वेड देवाने धाडलेलं असतं. ते बाहेरून येतं, ठरावीक वेळ राहतं आणि निघून जातं. माणूस त्याआधी शहाणा होता आणि नंतरही शहाणा होतो. म्हणून मनोरुग्णांचं निरीक्षण करून त्यांच्या लकबी उचलणं इथे उपयोगाचं नाही. प्रेक्षागृहात असा आजार घरात सोसणारी माणसं बसलेली असतात. त्यांच्या माणसाची नक्कल करून त्यांना दुखवायचं, आणि तेही नाटकात नसलेल्या गोष्टीसाठी, हे कुणीही करू नये.

हेराक्लीस: सुरुवात गप्प बसण्यातून

हे नाटक इ.स.पू. ४१६च्या आसपासचं. निम्मं नाटक झाल्यावर, हेराक्लीसने बायकामुलांना वाचवल्याचा आनंद चालू असताना, घराच्या छपरावर दोन देवता प्रकटतात: इरिस आणि लिस्सा. पिसाळणं हीच इथे एक देवता आहे, आणि ती स्वतः नाखूश आहे. या माणसाने काही वाईट केलेलं नाही, असं ती इरिसला सांगून पाहते. हेरा देवीची आज्ञा आहे म्हटल्यावर मात्र कामाला लागते, आणि तिथे ग्रीक छंदच बदलतो. संथ बोलीचा छंद सुटून धावता छंद सुरू होतो. मराठीत हा बदल प्रकाश लाल करून दाखवू नका. लिस्साचं पहिलं बोलणं साध्या गद्यात ठेवा आणि इथून कटावाच्या चालीवर घ्या. छोटे, एकामागून एक आदळणारे चरण, मध्ये श्वासाला जागा कमी. कटाव म्हणता येणारी व्यक्ती मंडळात नसेल, तर कीर्तनात किंवा भारुडात गाणारी कुणी शोधा. हा प्रवेश ३ मिनिटांपेक्षा लांबवू नका.

लिस्सा आत गेल्यावर आतून ओरडा ऐकू येतो आणि मग दूत बाहेर येतो. मूळ ग्रीकमध्ये त्याचं निवेदन ९४ ओळींचं आहे. मराठीत ते ७ ते ८ मिनिटं चालतं. कापायचा मोह होईल. कापू नका, कारण वेडाचा खरा प्रवेश हाच आहे.

निवेदन असं उलगडतं. घरात शुद्धीचा होम चालू आहे. टोपली वेदीभोवती फिरवून झालीय, मुलं भोवती उभी आहेत, हेराक्लीस जळतं लाकूड पवित्र पाण्यात बुडवणार, तोच तो थांबतो. काहीच बोलत नाही. मुलं त्याच्याकडे बघू लागतात. वेड सुरू होतं ते इथे, या गप्प होण्यात. ज्याच्या घरात यंत्रमाग चालतो त्या सोलापूरकराला हे चटकन कळेल. मागाच्या खटखटीनं घरातलं तान्हं पोरही दचकत नाही, पण माग मध्येच थांबला की सगळ्यांच्या माना वळतात. दूताने इथे २ सेकंद थांबायचं. मोजून २, ४ केले की ओळ विसरल्यासारखं वाटतं.

त्यानंतर हेराक्लीस नसलेल्या रथावर चढतो, नसलेल्या घोड्यांना टोचणी मारतो आणि आपण मायसीनीला निघालोय असं सांगतो. नोकरांना हसूही येतं आणि भीतीही वाटते. धनी आपली गंमत करतोय की याला वेड लागलंय, असं ते एकमेकांना विचारतात. दूताच्या भूमिकेतलं हे सगळ्यात मोलाचं वाक्य. ते खरोखर न कळल्यासारखं म्हणायचं, कारण त्या क्षणी अजून कुणी मेलेलं नाही आणि हसून वेळ निभावता येईल असं वाटतंय. पुढे तो घरातल्या घरात प्रवास करत राहतो. एका दालनात जेवणाची तयारी, दुसऱ्यात कपडे उतरवून कुणाशीच न केलेली कुस्ती, आणि स्वतःच स्वतःच्या विजयाची घोषणा. मग पहिला मुलगा खांबाआडून टिपला जातो, दुसरा हनुवटीला हात लावून विनवत असताना गदेखाली जातो, तिसरा आणि त्याची आई एकाच बाणाने. वडिलांकडे वळणार तोच अथीना देवी त्याच्या छातीवर धोंडा मारते आणि तो झोपेत कोसळतो.

दूताने हे ‘करून दाखवायचं’ नाही. कीर्तनकार आख्यान लावताना पात्रात शिरतो तो एखाद्या ओळीपुरता, खांद्याच्या एका वळणाने, आणि लगेच सांगणारा होऊन परत येतो. तेच प्रमाण इथे पाळा. रथ हाकण्याला एक हातवारा, कुस्तीला एक, मुलांच्या मृत्यूला एकही नाही. सगळ्या निवेदनात तीनचार हालचाली पुष्कळ झाल्या. नट मुलाच्या मरणाशी रडू लागला की प्रेक्षक रडायचे थांबतात. हे तालमीत डोळे मिटून ऐकलंत तर लगेच कळतं.

प्रेतं आणि चाकाचा मंच

खून आत होतात आणि त्यांचा परिणाम बाहेर येतो. त्यासाठी ग्रीकांकडे चाकांवर ढकलत आणायचा मंच होता. आपल्याला तो ८×४ फुटांच्या १९ मिमी प्लायच्या एका अख्ख्या शीटमधून करता येतो. खाली चौकोनी पाइपचा सांगाडा, ४ इंची रबरी चाकं ६ (चार कोपऱ्यांत, दोन मध्यावर), त्यांतल्या दोघांना ब्रेक. चारच चाकं लावली तर मधला भाग लपकतो आणि हेराक्लीसला बांधायचा खांब हलतो. लोखंडी चाकं तर लावूच नका. त्यांचा खडखडाट शेवटच्या रांगेपर्यंत जातो आणि शांतता तिथेच फुटते. मुलांची प्रेतं मांजरपाटात गुंडाळलेल्या भुश्शाच्या बाहुल्यांची करा. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात किंवा जिथे प्रयोग असेल तिथे, मंच विंगेतून वळून बाहेर निघतो का हे रंगीत तालमीआधी टेपने मोजून घ्या.

खांबाला बांधलेला हेराक्लीस जागा होतो तेव्हा वेड संपलेलं असतं. त्याला काहीच आठवत नाही. म्हातारा बाप अॅम्फिट्रिऑन जवळ यायलाही घाबरतो, दुरून विचारतो, आणि एकेका उत्तरातून मुलाला कळत जातं. या जागी नटाचा आवाज रोजच्या बोलण्याइतकाच हवा, झोपेतून उठलेल्या माणसाचा. तो खालच्या पट्टीत असला की पुढचं सगळं चढत जायला जागा राहते.

त्याचा मित्र थिसिअस येताना दिसला की हेराक्लीस तोंडावरून वस्त्र ओढून घेतो. आपला विटाळ मित्राला नको, म्हणून. इथे सोलापुरी चादर घ्या, ती वजनाने नीट पडते आणि घडीचा आकार धरते. नायलॉनचं कापड अंगाला चिकटून नटाच्या नाकाचा उठाव दाखवतं. फुलांची नक्षी असलेली नको, एकरंगी घ्या आणि दोनदा धुऊन तिची खळ काढून टाका, नाहीतर ती ताठ उभी राहते. थिसिअस चादर काढतो ती हळूहळू, दोन्ही हातांनी. मी वाटेकरी आहे, मला विटाळ लागत नाही, असं तो म्हणतो तेव्हा चादर अजून त्याच्या हातातच हवी.

न दिसणाऱ्या गोष्टीकडे बघणं

एस्किलसच्या इ.स.पू. ४५८मधल्या तीन नाटकांच्या मालिकेत, दुसऱ्या नाटकाच्या शेवटी, आईला मारलेल्या ऑरेस्टीसला तिच्या सूडदेवता दिसतात. कोरसला, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या गटाला, दिसत नाहीत. तिसऱ्या नाटकात त्याच देवता कोरस म्हणून सगळ्यांसमोर येतात. दुसऱ्यातच पडद्यावर सावल्या फिरवल्यात तर तिसऱ्याचा धक्का गेला म्हणून समजा.

नटासाठी युक्ती सोपी आहे. डोळे हवेत भिरभिरू देऊ नका. बाल्कनीच्या कठड्यावर तीन जागा ठरवा, डावी, मधली, उजवी, आणि प्रत्येक तालमीला त्याच तीन जागांकडे त्याच क्रमाने पाहा. कोरसने आधी तो बघतोय तिकडे एकदा पाहायचं, काही न दिसल्यावर नजर त्याच्याकडे आणायची आणि तिथेच ठेवायची. कोरसच्या या एका वळणानं प्रेक्षकाला सगळं कळतं.

युरिपिडीसचा ‘ऑरेस्टीस’ (इ.स.पू. ४०८) त्याच माणसाला बिछान्यावर आणतो. आईच्या अंत्यसंस्काराला सहा दिवस झालेत, त्याने खाल्लेलं नाही, अंघोळ केलेली नाही. बहीण इलेक्ट्रा त्याच्या तोंडाचा वाळलेला फेस पुसते. मग झटका येतो, तो अपोलोने दिलेल्या धनुष्याने त्या देवतांवर बाण सोडतो आणि अचानक निवतो: लाटांनंतर पुन्हा शांत पाणी दिसतंय, असं म्हणतो. पहिल्या प्रयोगात हेगेलोकस नावाच्या नटाने हीच ओळ श्वास कमी पडल्याने चुकीच्या सुरात म्हटली आणि ‘शांत पाणी’च्या जागी मुंगसासारखा एक प्राणी दिसतोय असा अर्थ झाला. अॅरिस्टोफेनिसने ‘बेडूक’ नाटकात त्याची टर उडवली ती आजपर्यंत टिकली. शिकण्यासारखं इतकंच: झटक्यानंतरची पहिली ओळ छोटी ठेवा, तिच्यात दोन अर्थ निघणारा शब्द नको, आणि तिच्याआधी नटाला पूर्ण श्वास घ्यायला वेळ ठेवा. तालमीत आधी जागेवर २० उड्या मारायला लावून ती ओळ म्हणून घ्या. त्याचा काका मेनेलॉस त्याला पुढे विचारतो, तुला झालंय तरी काय? तो उत्तरतो, जाणीव; मी केलं ते मला ठाऊक आहे. हे उत्तर घाईत उडवू नका.

सोफोक्लीसच्या ‘एजॅक्स’बद्दल थोडक्यात. वेडात हा योद्धा जनावरांना सेनापती समजून कापत सुटतो, आणि रंगमंचावर या अवस्थेत फार थोडा वेळ दिसतो. तेव्हा तो खुशीत असतो. त्याच्याबरोबर राहणारी टेकमेसा नंतर म्हणते की तो भ्रमात असताना तो सुखी होता आणि आम्ही दुःखी. आता शुद्धीवर आलाय तर दोघंही दुःखी. म्हणून पहिला प्रवेश हसऱ्या, समाधानी एजॅक्सचा करा. अथीनाच्या बोलावण्यावरून हे पाहणारा त्याचा शत्रू ओडिसियस कळवळतो, तेव्हा त्याला रंगमंचाच्या मध्यभागी आणा.

कॅसांड्राची गंमत उलटी. ‘अगामेम्नॉन’मध्ये भविष्य दिसणारी ही कैदी अगामेम्नॉन राजाबरोबर रथातून येते आणि जवळजवळ २९० ओळी तोंडातून शब्द काढत नाही. राजाची बायको क्लायटेम्नेस्ट्राला वाटतं, हिला परकीच भाषा येत असेल, पाकोळीसारखी. मग कॅसांड्रा फुटते ती शब्द नसलेल्या हाकेने आणि गाण्याने, आणि हळूहळू स्वच्छ बोलण्यावर येते. तिचं ऐकणारा कोरस मात्र बोलण्याकडून गाण्याकडे ओढला जातो. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड एकाच गल्लीत नांदतात, त्यामुळे परक्या भाषेच्या जागी तेलुगू किंवा कन्नड घालावी असं चटकन सुचतं. घालू नका. कुणाच्या घरची भाषा प्रेक्षकाच्या कानात वेडाशी जोडली जाईल, आणि कॅसांड्रा तर नाटकात सगळ्यात खरं बोलणारी आहे. हाकेला अर्थहीन सूरच ठेवा.

‘बाखाय’: संबळ कुठे वाजवायचा

तुळजापूर सोलापूरहून ४५ किलोमीटरवर. त्यामुळे ‘बाखाय’ वाचताना संबळ, मळवट आणि अंगात येणं मनात येणारच, आणि ते वावगं नाही. फक्त ते कुणाला द्यायचं हे नीट ठरवा. या नाटकात बायांचे दोन गट आहेत. आशियातून देवाबरोबर आलेला कोरस स्वखुशीने भक्ती करतो आणि पूर्ण शुद्धीत आहे. आगावे आणि थीब्जच्या बाया देव नाकारल्याची शिक्षा म्हणून डोंगरावर हाकलल्या गेल्यात. त्यांचं भान देवाने काढून घेतलंय. संबळ द्यायचा तर कोरसला द्या, भक्तीचा ठेका म्हणून. आगावेच्या प्रवेशात त्याचा एक ठोकाही नको. नाहीतर देवीच्या दारात श्रद्धेनं घुमणारी बाई आणि मुलाला मारणारी आई एकच दिसतील, आणि ते नाटकाच्याही विरुद्ध आहे.

आगावेचा मुलगा पेन्थ्यूस त्या बायांना चोरून पाहायला बाईचा वेश घेतो, तो प्रवेश शांत बसवा. त्याला दोन सूर्य दिसतात, दोन थीब्ज दिसतात, समोरच्या देवाच्या डोक्यावर बैलाची शिंगं दिसतात. तरी तो पदराची चूण सरळ पडलीय का हे विचारतो आणि देव त्याची सुटलेली बट जागेवर बसवून देतो. बट बसवायला ५ सेकंद द्या. प्रेक्षक हसले तर हसू द्या. त्याच हातांनी तो पुढे मरणाकडे नेला जाणार आहे.

मग आगावे सिंहाचं समजून आणते ते पेन्थ्यूसचं डोकं. बहुधा मूळ प्रयोगात पेन्थ्यूसचा मुखवटाच आगावेच्या हाती होता. आपणही त्याच नटाच्या चेहऱ्यावरून घडवावं. ओल्या शाडूत चेहरा घडवा, वर व्हॅसलीन, मग वर्तमानपत्राच्या बोटभर पट्ट्यांचे ७ थर मैद्याच्या खळीत. दर दोन थरांनंतर वाळवायचं; उन्हाळ्यात एका दिवसात होतं, पावसाळ्यात तीन लागतात, आणि घाई केली तर आतून बुरशी धरते. आत मांजरपाटाच्या पिशवीत दीड ते दोन किलो वाळू शिवून घट्ट बसवा. पोकळ डोकं हातात हलकं नाचतं आणि नटी कितीही चांगली असली तरी प्रेक्षकाला ते खोटं कळतं. वजन असलं की मनगटं आपसूक थकतात. रक्त थोडं, मानेपाशीच.

आता कॅडमसचे प्रश्न. एकेका ओळीची देवाणघेवाण आहे, साधारण दहा वळणांची, आणि क्रम बदलायचा नाही. पोरी, आधी वर आभाळाकडे बघ. तसंच आहे की बदललं? ‘आधीपेक्षा उजळ दिसतंय, बाबा.’ मनातली ती फडफड अजून आहे का? ‘तुम्ही काय म्हणता कळत नाही... पण कसंतरी भान येतंय.’ ऐकून नीट उत्तर देशील? ‘मघाशी आपण काय बोललो ते विसरलेच.’ तुझं लग्न कुठल्या घरी झालं? मुलगा कोण झाला? तुझ्या हातात कुणाचं तोंड आहे? ‘सिंहाचं. शिकारीतल्या बाया तसं म्हणत होत्या.’ नीट बघ, बघायला फार कष्ट नाहीत.

म्हातारा तिला सत्य सांगत नाही. आधी आभाळ, मग नवऱ्याचं घर, मग मुलाचं नाव, अशा ज्या गोष्टींबद्दल तिला शंका नाही तिथून तो तिला चालवत आणतो. कॅडमसने प्रत्येक प्रश्नाआधी उत्तर पूर्ण ऐकायचं, एक पाऊल पुढे यायचं नाही, हात लावायचा नाही. इथे बहुतेक वेळा चूक होते ती अशी की आगावे ‘फडफड’पाशीच रडायला लागते. तिला अजून काही कळलेलं नाही. ‘सिंहाचं’ म्हणताना तिच्या आवाजात थोडा अभिमानही उरलेला असला पाहिजे, पण ‘बाया म्हणत होत्या’ या शब्दांवर तो डळमळतो. तिची नजर डोक्याकडे प्रथम जाते ती ‘नीट बघ’ नंतर. तोवर तिने त्याच्याकडे एकदाही बघायचं नाही. ‘हे काय, मी काय धरलंय’ हे जवळजवळ कुजबुजत. किंकाळी घ्यायचीच असेल तर ती कॅडमसने ‘सिंहासारखं वाटतं का?’ विचारल्यानंतर, एकदाच.

पुढे हस्तलिखितात काही ओळी हरवलेल्या आहेत, नेमक्या आगावेच्या विलापापाशी. ती जागा भरायला नवं स्वगत लिहिण्याचा मोह टाळा. एक पांढरं कापड अंथरा, डोंगरावरून आणलेलं मुलाचं धड कॅडमसने आधीच झाकून ठेवलेलं असू द्या, आणि आगावेने डोकं त्याच्या वरच्या बाजूला, चेहरा आभाळाकडे करून ठेवायचं. तिच्या पदराने त्याच्या कपाळावरची ती बट सारखी करायची, मघाशी देवाने बसवली होती तशीच. प्रकाश मंद करायला मोजून ४० सेकंद घ्या.